बाबांची शेवटची किक

नेपरव्हिल, ३ एप्रिल २०२५

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र केराच्या टोपलीत टाकणार असशील तर जरा थांब. काम आहे, आणि ते माझं नाही, बाबांचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंयस. घरी फोन केला की विनीतावहिनी उचलते आणि म्हणते, "अगं, ते बागेत आहेत." नऊ वर्षं माणूस बागेत असेल तर एव्हाना तुमच्या शुगर लँडचं कोकण व्हायला हवं होतं! तेव्हा म्हटलं, मुकाट्याने पोस्टाचं तिकीट लावावं.

तर ऐक. आपली केया, माझ्या सलोनीची मुलगी, शिकागोत नोकरी करते आणि शनिवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते. हो, तेच. लांबट चेंडूचं, हातापायांनी खेळायचं, एकमेकांच्या अंगावर चढून चेंडू झेलायचं ते खूळ. खापरपणजोबांपर्यंत कोणी पाहिलं नव्हतं ते रक्तात कुठून आलं म्हणायची सोय नाही, पणजोबांनीच खेळलंय. तिने तिच्या कोचला सांगितलं, की माझे पणजोबा १९५५-५६ साली ऑस्ट्रेलियातल्या कुर्राबिन नावाच्या गावात खेळले होते. कोच तिकडचाच. त्याने त्या क्लबला कळवलं आणि परवा मला तिथल्या डोरीन नावाच्या बाईंचं ईमेल आलं. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. क्लबचे जुने कागद त्या सांभाळतात. म्हणतात, छप्पन साली आमची टीम लीगची फायनल जिंकली, तिचा फोटो आता नव्या इमारतीत लागणार आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा एक बारीक, काळासावळा माणूस आहे. खाली नुसतं 'मेंडी' लिहिलंय. हा माणूस कोण, कुठला, पुढे त्याचं काय झालं, दोन ओळी लिहून पाठवा.

त्र्यंबक विष्णू मेहेंदळे, आरे डेअरीतून सरकारी स्कॉलरशिपवर लोण्याच्या फॅक्टरीत ट्रेनिंगला गेलेले, आणि भिंतीवर मेंडी! मी हसून हसून बेजार झाले. चारुदत्त म्हणाला, "बरं झालं, माझ्या सासऱ्यांचं नाव तिथे कोणाला उच्चारता आलं असतं?"

डोरीनबाईंना बाबा आठवतात. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि फॅक्टरीच्या ऑफिसात टाइप करायच्या. त्यांनी लिहिलंय, की एकदा एक वासरू दावं तोडून पळालं, बाबांनी लोण्याच्या फॅक्टरीपासून चर्चपर्यंत धावत जाऊन त्याला धरलं, आणि मॅनेजर म्हणाला, ह्या शनिवारी तू आमच्याकडून खेळतोस. आणि हे ऐक: मेंडी चेंडू घेऊन पळताना तोंडाने काहीतरी गुणगुणायचा, एका दमात, श्वास न सोडता. समोरचे बिचकायचे. त्यांना वाटायचं मंत्र म्हणतोय! दादा, हुतूतू म्हणत होते रे बाबा. सांगलीची सवय, जाते कुठे?

तर मला तुझ्याकडची त्यांची जर्सी हवी आहे. डोरीनबाईंना नंबर कळत नाहीये, फोटोत पुढच्याचं डोकं मध्ये आलंय. तू नुसता नंबर कळवलास तरी चालेल. दोन ओळी मी लिहीन.

आणि एक सांगून टाकते, म्हणजे तुझ्या मनात राहायला नको. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या मंडळाच्या त्या कार्यक्रमात मी खोटं बोलले नव्हते. तू माइकवरून दोनशे माणसांना सांगितलंस, की शेवटच्या किकवर बाबांनी गोल मारून फायनल जिंकून दिली. मी उभी राहून त्यांनीच आईला लिहिलेलं पत्र वाचलं. १६ सप्टेंबर १९५६, त्यांचंच अक्षर: "शेवटची किक माझ्या वाट्याला आली आणि माझा नेम चुकला." तेवढंच वाचलं. लोक हसले त्याला मी काय करू? तू स्वतःच्याच कार्यक्रमातून ताटावर न बसता उठून गेलास, तो माझा दोष नाही.

वहिनीला नमस्कार. बागेलाही.

तुझी, तुला आवडो न आवडो, बहीण
सुचित्रा


नेपरव्हिल, २४ एप्रिल

दादा,

जर्सी मिळाली. आंघोळीच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली, आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी वहिनीचं नाव. पत्ता मात्र तुझ्या हातचा. इंजिनियरसारखी कॅपिटल अक्षरं, सात आकड्याला मधे आडवी रेघ. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. खोकं उचलून चारुदत्त रिसायकलिंगमध्ये टाकायला निघाला होता, त्याला ओरडले मी.

नंबर तेवीस. उजव्या खांद्यावर फाटलंय आणि निळ्या लोकरीवर पांढऱ्या दोऱ्याने शिवलंय. शिवण बाबांचीच. आईची असती तर उसवली नसती.

वहिनीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, माझं पत्र तू दोनदा वाचलंस. एक दिवस फ्रिजवर मॅग्नेटने लावलंस आणि दुसऱ्या दिवशी काढलंस. मग मी तिला म्हटलं, विचार की दादाला, दोन ओळी काय लिहू? तर तू टीव्हीवरून नजर न काढता म्हणालास म्हणे, "सांग तिला, खरं काय ते लिही. तिला खऱ्याची फार हौस."

लागलं हो मला. लागावं म्हणूनच बोललास ना? मग लागलं.

आठवडाभर कागद पुढे घेऊन बसतेय. 'दोन सीझन, एकोणीस सामने, सात गोल.' इथपर्यंत बरं जातं. हे आकडे डोरीनबाईंनी पाठवलेत. पुढे 'फायनलमध्ये शेवटची किक चुकली' असं लिहायचं का, दादा? सातासमुद्रापलीकडच्या एका भिंतीवर आपल्या बाबांबद्दल हे एवढंच राहायचं का? तीस वर्षं मी लोकांना भूल देऊन झोपवलं, कधी हात अडला नाही. ह्या एका ओळीला मात्र पेन उचलत नाही. आणि ते गाळून लिहिलं तर मग मी तुला काय तोंडाने बोलले होते?

मला तुझ्याशिवाय हे पाठवायचं नाहीये. मे महिनाअखेर मुदत आहे. तू एक ओळ लिही, मी एक लिहिते. एवढं कर.

सुचित्रा

ता. क. इथे एप्रिल संपत आला तरी काल बर्फ पडलं. तुमच्याकडे घाम सुरू झाला असेल. आंब्याची पेटी मिळाली का? आमच्याकडच्या दुकानात अजून आला नाही.


नेपरव्हिल, १० मे

दादा,

आत्ता घरी आले, अजून बूटसुद्धा काढले नाहीयेत. बसून वाच.

आज केयाची मॅच पाहायला गेले होते. खरं सांगते, पहिल्यांदाच. दोन वर्षं ती बोलावतेय आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगतेय. गुडघा ठणठणीत आहे. मला तो खेळच नको होता. तुझ्या कार्यक्रमानंतर त्याचं नाव काढलं की मी विषय बदलायचे.

चारुदत्तने ड्राइव्ह केलं, म्हणजे एक्झिट चुकवून पाऊण तास उशीर केला. मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. आपल्या पोरी काय धावतात रे! एकमेकींना आपटतात, उठतात, सॉरी म्हणतात, पुन्हा आपटतात. मी दर दोन मिनिटांनी कोणाचं तरी मनगट तपासायला उठत होते आणि चारुदत्त मला पदर धरून बसवत होता. पदर कसला, जॅकेट.

शेवटी स्कोअर अगदी बरोबरीत. मिनिटभर राहिलं असेल. केयाने उंच उडी मारून चेंडू झेलला. असा झेलला, की सगळे थांबतात आणि झेलणारीला एकटीला निवांत किक मारायला मिळते. मधे भोंगा वाजला तरी ती किक मारायची असते. तसा तो वाजलाच. केया मागे गेली, धावत आली, मारली. चेंडू गेला उजवीकडे. मधल्या दोन उंच खांबांच्या बाहेरून!

मी मोठ्यांदा म्हटलं, "अरेरे, चुकली गं पोर!" आणि डोळे मिटून घेतले. मला दिसत होते बाबा.

डोळे उघडले तर केया पोरींच्या खांद्यावर!

दादा, तिथे प्रत्येक टोकाला खांब दोन नसतात. चार असतात. मधल्या दोन खांबांतून गेला तर गोल, सहा पॉइंट. मधल्याच्या बाहेरून, पण कडेच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला, तर तो चुकलेला गोल. पण त्याचाही एक पॉइंट देतात! चुकल्याचासुद्धा एक! असा खेळ कोणी ऐकलाय का रे? आपल्याकडे चुकलं की चुकलं. कॅरममध्ये तर उलट सोंगटी परत काढून घेतात.

केया घामाघूम धावत आली. म्हणाली, "आजी! वी वन! बाय वन! व्हाय आर यू क्रायिंग?"

मी तिचा घाम जॅकेटच्या बाहीने पुसला.

मला तिथल्या तिथे डोरीनबाईंना ईमेल करायचं होतं. ते केयाने माझ्या फोनवरून केलं. त्या फायनलचा स्कोअर काय होता, एवढंच विचारलंय. उत्तर येईपर्यंत मी काही बोलत नाही. तूही वहिनीला काही बोलू नकोस. वाचून दाखव, पण बोलू नकोस.

सुचित्रा


नेपरव्हिल, १९ मे

प्रिय दादा,

उत्तर आलं. तिथल्या तेव्हाच्या पेपराचं कात्रण आलंय. एकोणसाठ विरुद्ध अठ्ठावन्न. शेवटची घंटा झाली तेव्हा अठ्ठावन्न-अठ्ठावन्न होते आणि चेंडू बाबांच्या हातात होता. कात्रणात लिहिलंय, अवघड कोन होता, मेंडीची किक मधल्या खांबाला जेमतेम चुकवून गेली, पांढऱ्या कोटातल्या पंचाने एक निशाण हलवलं, आणि कुर्राबिन सतरा वर्षांनी जिंकलं. त्या एका पॉइंटने. डोरीनबाई म्हणतात, त्या संध्याकाळी फॅक्टरीच्या मॅनेजरने मेंडीला खांद्यावर घेऊन सगळ्या मुख्य रस्त्यावरून नेलं आणि मेंडी बिचारा तोंड लपवत होता. सगळ्यांना सांगत होता, अहो, माझा नेम चुकलाय.

म्हणजे तू बरोबर होतास. बाबांनी जिंकून दिलं होतं. दोनशे माणसांपुढे मी तुला खोटं पाडलं, आणि खोटा तू नव्हतास.

इथेच सही करून पत्र बंद केलं असतं तर शहाणी ठरले असते. पण अजून एक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाहीये. चारुदत्तलाही सांगितलेलं नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं ना, 'तेवढंच वाचलं'? तेवढंच का वाचलं, ते सांगते.

बाबांच्या पत्रात पुढे अजून एक ओळ आहे. "माझा नेम चुकला. तरी ह्या लोकांनी मला उचलून घेतलं आणि म्हणाले, तूच जिंकवलंस." ही ओळ मला त्या दिवशी दिसत होती, दादा. चष्मा होता डोळ्यांवर. मी ती वाचली नाही. मला वाटलं, आईला वाईट वाटू नये म्हणून बाबांनी रचलंय. त्यांना बायकोपुढे थोडं फुशारायचं असेल. आणि दुसरं खरं म्हणजे, तू माइक घेऊन असा काही उभा होतास, की तुला जरा खाली खेचावं असं मला मनापासून वाटलं होतं. तू सतत मोठा. बाबांची जर्सी तुझ्याकडे, बाबांच्या गोष्टी तुझ्या, बाबांबरोबर सायकलवर पुढे तू. मी काय, मागच्या कॅरिअरवर. तेव्हा मी दोन वाक्यांतलं एक वाचलं आणि खाली बसले. लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं. अर्धं मिनिटच, पण वाटलं होतं.

चुकले मी. हे मी बाहत्तराव्या वर्षी लिहितेय, मला सोपं जात नाहीये. तू ओरड, शिव्या दे, वहिनीमार्फत दे हवं तर. पण आणखी नऊ वर्षं माझ्याकडे नाहीयेत आणि तुझ्याकडे तर त्याहून तीन कमी आहेत. मला माझा दादा परत हवाय.

तुझी
सुचे


शुगर लँड, २६ मे २०२५

सुचे,

विनीता माझ्यासमोर खुर्ची टाकून बसलीय आणि पत्र पुरं झाल्याशिवाय चहा देणार नाही म्हणतेय. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. मुद्द्याचं लिहितो.

तुझं शेवटचं पत्र मी गॅरेजमध्ये उभा राहून वाचलं. पहिला विचार आला, बघा, मी बरोबर होतो! विनीताला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी बरोबर नव्हतो.

तुला वाटतं मी चिडून उठून गेलो. चिडलो नव्हतो. पकडला गेलो होतो.

मी तिसरीत होतो. शाळेत कोणीतरी म्हणालं, तुझा बाप विलायतेला जाऊन लोणी घुसळायला शिकला. मी घरी येऊन बाबांना विचारलं, तुम्ही तिकडे काय केलं? ते म्हणाले, "फुटबॉल खेळलो. फायनलला शेवटची किक मारली, नेम चुकला." मी म्हटलं, म्हणजे हरलात? तर ते हसले आणि म्हणाले, "हरलो कुठे रंगा? जिंकलो की." मी पुन्हा विचारलं, नेम चुकला तर जिंकलात कसे? त्यांनी काहीतरी चार खांबांचं सांगितलं. मला काही पटलं नाही. वाटलं, माझं तोंड उतरलेलं पाहून समजूत काढतायत. बापाने आपल्यासाठी थाप मारलीय, तर ती नीट तरी मारावी, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत मी गोल घातला. तो गोल मी सहासष्ट वर्षं सांगतोय. सांगून सांगून मला तो दिसायला लागला होता. तू उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, संपलं, हिला सगळं माहीत आहे. म्हणून तोंड दाखवलं नाही. तुझ्यावर रागावणं सोपं होतं.

बाबांनी आईला लिहिलेली ओळ तू गाळलीस. मला तर त्यांनी समोर बसवून सांगितलं होतं, आणि मी गाळलं. त्या माणसाने दोघांनाही जे झालं तेच सांगितलं, सुचे. पोटच्या दोघांनीही त्याला थापाड्या समजलं. गेले तेव्हाही मी मनात म्हणत होतो, बाबा, तुमची थाप मी शेवटपर्यंत सांभाळली. मला आता त्यांची माफी मागायला जागा नाही. गॅरेजमध्येच बसलो थोडा वेळ. विनीता शोधायला आली.

भिंतीवर काय लिहायचं ते मी ठरवलंय आणि त्यात तू एक अक्षर बदलायचं नाहीस: 'टी. व्ही. मेहेंदळे. एकोणीस सामने, सात गोल. फायनलची शेवटची किक मारली. त्यांचा नेम चुकला आणि आम्ही जिंकलो.' इंग्रजी करून डोरीनबाईंना आजच पाठव. नाव पूर्ण लिहायला सांग, उच्चार त्यांचा त्या बघतील. मेंडीसुद्धा राहू दे कंसात.

पुढे. शुक्रवारी दुपारी दोन वीसला मी ओ'हेअरला उतरतोय. शनिवारी केयाची मॅच आहे असं विनीताकडून कळलं. ती येत नाहीये, म्हणाली, तुम्ही दोघं एकदा भांडून घ्या, मग मी येते. मलाही तुझ्याशी नऊ वर्षांचं भांडायचं आहे, ते फोनवर व्हायचं नाही. सायकलच्या कॅरिअरपासून सुरुवात करू. पुढच्या दांड्यावर बसून ढुंगण किती दुखायचं, हे तुला कोणी सांगितलं नाही वाटतं.

एअरपोर्टला तू स्वतः ये. चारुदत्तला पाठवलंस तर मी विस्कॉन्सिनला पोचेन.

रंगादादा